देवळीची चौकट

पॉम्पेई शहरातले वेट्टींचे घर पाहायला गेलेला माणूस आधी थोडा भांबावतो. भिंतीभर रंगवलेली चित्रे, खांबांनी वेढलेली बाग, कारंजी, संगमरवरी पात्रे. गुलामगिरीतून मुक्त होऊन सधन झालेल्या दोघा वेट्टींचे हे घर होते, आणि आपली सधनता लोकांच्या नजरेत भरावी याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते गाडले गेले. १८९४ ते १८९६ या काळात ते उकरून काढण्यात आले आणि सुमारे वीस वर्षांच्या दुरुस्तीनंतर जानेवारी २०२३ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडले.

या घरातली एक जागा मात्र दिवाणखान्यापासून दूर आहे. बाजूच्या लहान चौकात, जिथे नोकरचाकर वावरत, स्वयंपाकघराच्या लगत, भिंतीवर एक छोटे देऊळ आहे. दोन्ही अंगांना दोन अर्धे खांब, त्यांवर आडवी पट्टी आणि वर देवळाच्या छपरासारखा त्रिकोण. आत रंगवलेले चित्र. मध्ये डोक्यावरून वस्त्र घेतलेला ‘जीनियस’, म्हणजे घरधन्याचे कुलतेज. त्याच्या दोन्ही बाजूंना पाऊल उचलून नाचणारे, शिंगाच्या आकाराचा पेला उंच धरलेले दोन तरुण. हे ‘लारेस’, घराचे राखणदार. आणि खाली, वेदीकडे सरपटत निघालेला एक भला मोठा तुरेवाला साप. हा साप वाईट नव्हे. तोही राखणदारच. वास्तूची राखण करणारा नाग ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शेजारच्या स्वयंपाकघरात चुलीवर कांस्याची भांडी अजून तशीच होती.

अशा छोट्या देवळाला लॅटिन भाषेत ‘एडिक्युला’ म्हणतात. ‘एडिस’ म्हणजे देऊळ, आणि त्याचे लहान, लाडके रूप एडिक्युला. मराठीत देऊळ आणि देवळी यांचे नाते नेमके हेच आहे. देवळी म्हणजे लहान देऊळ, आणि देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडाही. दोन भाषा हजारो मैलांवरून, एकमेकींना न विचारता, एकाच शब्दापाशी येऊन पोचल्या. त्यामागची समजूतही एकच असावी. भिंतीत नुसती पोकळी केली तर ती पोकळीच असते. तिला दोन खांब आणि एक छप्पर दिले की तिचे घर होते, आणि आत जो बसेल तो त्या घराचा धनी ठरतो.

पोकळी करायची तर भिंत जाड हवी. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंतीत कोनाडा काढणे गवंड्याला अवघड नव्हते. वर एक फळी, दगड किंवा लहानशी कमान टाकली की भार दोन्ही बाजूंना उतरतो आणि खालची जागा मोकळी मिळते. तिथे दिवा ठेवला तर वारा लागत नाही, लहान मुलाचा हात पोचत नाही आणि काजळी धरली तरी ती कोनाड्यापुरतीच राहते. पॉम्पेईत ज्यांच्याकडे अशी भिंत नव्हती किंवा खर्च करायची ऐपत नव्हती, त्यांनी खांब, छप्पर, देव सगळे भिंतीवर नुसते रंगवून घेतले. काम भागले. आज चार इंची भिंतीच्या सदनिकेत कोनाड्याची सोय उरली नाही, म्हणून देव लाकडी किंवा संगमरवरी देव्हाऱ्यात बसतात. पण त्या देव्हाऱ्यालाही दोन खांब आणि वर कळस असतोच. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘ओरातोरिओ’ या पोर्तुगीज नावाने ओळखले जाणारे लाकडी प्रार्थनाकपाट असते, त्याचीही ठेवण तीच.

उंबरठ्याच्या आत आणि चौकात

अमेरिकी अभ्यासक जॉर्ज बॉइस यांनी १९३७ मध्ये पॉम्पेईतल्या अशा घरगुती देवस्थानांची यादी छापली, तेव्हा त्यांची संख्या काही शेकड्यांत गेली. ती श्रीमंतांच्या घरांत आहेत, तशी बेकरीत आणि खाणावळीतही आहेत. अलीकडे एका साध्या घरात असेच एक देवस्थान सापडले, म्हणून त्या घराचे नावच ‘देवघराचे घर’ पडले. त्याच्या आतल्या काही खोल्यांमधले सामान २०२२ मध्ये उजेडात आले. देवस्थानाचा चौक सुंदर रंगवलेला, पण आतल्या खोल्यांच्या भिंतींना रंग नाही आणि जमीन मातीची. लाकडी कपाट, ताटवाट्या, उघडी राहिलेली एक पेटी, आणि पाळण्याच्या आकाराची मातीची धूपदाणी. जेवढे पैसे होते ते कुठे खर्च करायचे, हे त्या कुटुंबाने ठरवले होते.

या देवांपुढे रोज काय होत असे, हे जुन्या लॅटिन ग्रंथांवरून बरेचसे समजते. धूप, थोडे मद्य, धान्य, फुलांच्या माळा. जेवणातला वाटा चुलीतल्या अग्नीला. शेतीवरच्या घरात मुकादमाच्या बायकोने महिन्यातल्या ठरावीक दिवशी चुलीला माळ घालावी, असे काटो या जुन्या रोमन लेखकाने शेतीविषयक ग्रंथात सांगून ठेवले आहे. मुलगा वयात आला की लहानपणापासून गळ्यात असलेला ताईत तो काढून लारेसना वाही. नवी सून सासरी येताना तीन नाणी आणी. एक नवऱ्याच्या हाती देई, दुसरे पायातल्या जोड्यात ठेवलेले असे ते घरच्या लारेसचे, आणि तिसरे रस्त्याच्या चौकातल्या लारेसचे. घर आणि आळी दोहोंचे देणे पहिल्याच दिवशी चुकते.

हे चौकातले लारेस म्हणजे रोमच्या सामान्य माणसाचे खरे दैवत. जिथे रस्ते मिळत तिथे त्यांची देवळी असे. हिवाळ्यात, वर्ष पालटण्याच्या सुमारास, ‘कॉम्पितालिया’ नावाचा सण होई. आदल्या रात्री घराघरांतून या देवळीपाशी लोकरीच्या बाहुल्या आणि लोकरीचे चेंडू टांगले जात. घरात जितकी स्वतंत्र माणसे तितक्या बाहुल्या, आणि जितके गुलाम तितके चेंडू. बाहुलीला हातपाय आणि चेहरा असतो. चेंडूला नसतो. पण गंमत अशी, की याच सणात पूजेचा मान गुलामांना आणि मुक्त झालेल्या गुलामांना होता. वर्षभर ज्याला कुणी नावाने हाक मारीत नसे, तो त्या दिवशी आळीच्या वतीने देवापुढे उभा राही.

सत्तेवरच्या मंडळींना हे एकत्र जमणे फारसे आवडत नव्हते. या सणाशी निगडित मंडळे दंगेधोपे करतात म्हणून इ. स. पू. ६४ मध्ये रोमच्या सिनेटने त्यांच्यावर बंदी आणली, आणि सहा वर्षांनी क्लोडियस या लोकप्रिय पुढाऱ्याने ती उठवली. ऑगस्टस सम्राट या सगळ्यांपेक्षा धूर्त. त्याने बंदी घातली नाही. इ. स. पू. ७ मध्ये त्याने रोमचे १४ विभाग पाडले, प्रत्येक आळीला तिथलेच कारभारी नेमले, देवळ्या दुरुस्त करवल्या आणि आतल्या लारेसना ‘ऑगस्टसचे लारेस’ असे नाव मिळाले. त्यांच्या जोडीला त्याचे स्वतःचे जीनियस येऊन बसले. कारभारी बहुधा मुक्त झालेले गुलाम असत, आणि ठरावीक दिवशी त्यांना अधिकाऱ्याचे काठाचे वस्त्र नेसण्याची आणि पुढे दोन चोपदार चालवण्याची मुभा होती. एवढ्या मानापुढे, मूर्ती कुणाची बसवली याची तक्रार कोण करणार? पुढे प्लिनीने रोममधल्या अशा चौकांचा आकडा २६५ दिला आहे.

दिवा लावण्यास बंदी

८ नोव्हेंबर ३९२ या तारखेचा एक कायदा आहे. सम्राट थिओडोसियसने तो कॉन्स्टँटिनोपलहून काढला. तोपर्यंत साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि मोठ्या देवळांतले यज्ञ आधीच बंद पडले होते. हा कायदा त्यापुढे गेला. तो थेट घरात शिरला. कोणत्याही दर्जाच्या, कोणत्याही ठिकाणच्या माणसाने आपल्या लारेसपुढे अग्नी, जीनियसपुढे मद्य, कोठारदेवतांपुढे धूप ठेवायचा नाही. दिवे लावायचे नाहीत. माळा टांगायच्या नाहीत. ज्या घरात असा धूप जळाला असे सिद्ध होईल ते घर सरकारजमा. दुसऱ्याच्या जागेत, मालकाला न सांगता हे केले तर २५ पौंड सोन्याचा दंड. आणि माहीत असून गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा.

कायद्याची भाषा इतकी बारीक आहे की तो लिहिणाऱ्याने लहानपणी घरात हे सारे पाहिले असावे असेच वाटते. मोठे देऊळ बंद करायला शिपाई पुरतात. दाराला कडी घातली, पहारा बसवला, संपले. पण चुलीशेजारची देवळी कशी बंद करणार? तिथे पुजारी नाही, उत्पन्न नाही, दार नाही. एक बाई पहाटे उठते, वात पेटवते आणि कामाला लागते. तिला अडवायचे म्हणजे घराघरात साक्षीदार उभा करायला हवा, आणि तो साक्षीदार बहुधा घरातलाच नोकर किंवा शेजारी असणार. घर जप्त होण्याची भीती घालण्यामागे हेच गणित होते.

लारेस गेले. एका दिवसात नव्हेत, पण गेले. देवळी मात्र राहिली. दोन खांब, वर त्रिकोण किंवा कमान, आत मूर्ती आणि पुढे दिवा, ही मांडणी नव्या धर्माने आपलीशी केली. आतल्या चेहऱ्याच्या जागी मेरीमाता आली. याला थेट वारसा म्हणण्याची घाई करू नये. मधे काही शतकांचे अंतर आहे. पण लॅटिनमधला शब्द इटालियनमध्ये उतरला तो याच अर्थाने. रस्त्यावरच्या मूर्तीच्या चौकटीला तिथे आजही ‘एदिकोला’ म्हणतात. एवढेच नव्हे, तर कोपऱ्यावरच्या वृत्तपत्राच्या टपरीलाही एदिकोला हाच शब्द आहे. छप्पर आणि चार बाजू असलेले लहानसे घर, मग आत माता असो की मासिके!

मूर्तीपुढचा दिवा, रस्त्यावरचा उजेड

व्हेनिसच्या इतिहासात ११२८ सालची एक गोष्ट सांगतात. अरुंद गल्ल्यांत रात्री खून पडू लागले. तेव्हा तिथल्या शासकाने, डोज दोमेनिको मिकिएलने, धोक्याच्या जागी रात्रभर दिवे तेवत ठेवण्याचा हुकूम काढला. दिवे ठेवायचे कुठे? तर कोपऱ्यांवरच्या देवळ्यांत. तेलाचा खर्च सरकारचा आणि वात सांभाळायची ती भागातल्या धर्मगुरूंनी. ग्रीक धाटणीच्या खोट्या दाढ्या लावून मारेकरी ओळख लपवतात, म्हणून तशा दाढ्यांवरही बंदी घातली गेली, असे याच गोष्टीत पुढे येते.

नेपल्सची हकीकत याहून मजेची, आणि तिच्यात एक माणूस आहे. ग्रेगोरिओ रोक्को हा डोमिनिकन साधू, जन्म १७००, मृत्यू १७८२. सडेतोड बोलणारा, गरिबांच्या वस्तीत फिरणारा, प्रसंगी हातातल्या काठीचाही उपयोग करणारा. नेपल्समधल्या गरिबांसाठी बांधलेल्या अवाढव्य आश्रयगृहामागे राजाला लावलेली त्याचीच टोचणी होती. तर त्या वेळी नेपल्स रात्री काळोखात बुडालेले असे आणि चोरांची चंगळ होती. सरकारने रस्त्यावर तेलाचे दिवे लावून पाहिले. दोन-चार रात्रींत ते फुटले. ज्यांना अंधार हवा होता त्यांनीच ते फोडले, आणि तेल गेले ते वेगळेच.

रोक्कोने दुसरी युक्ती काढली. मेरीमातेच्या एका चित्राच्या शेकडो प्रती करवून घेतल्या आणि क्रूसही बनवले. ते वस्त्यांमधल्या भिंतींवर, कोपऱ्यांवर, देवळ्या करून बसवले. प्रत्येक देवळीपुढे एक दिवा. तेल कोण घालणार, हे आसपासच्या घरांनी आपसात ठरवायचे. मग एक वेगळीच चढाओढ सुरू झाली. आपल्या गल्लीची माता शेजारच्या गल्लीपेक्षा अंधारात का असावी? लोक तेल घालू लागले, वात सारखी करू लागले. सरकारी दिवा फोडणारा हात मातेपुढचा दिवा फोडायला धजेना. चोराचीही श्रद्धा असते, आणि चोराची आई तर त्याच गल्लीत राहत असते.

भाबडेपणा म्हणून हसण्यासारखे यात काही नाही. नगरपालिकेला जे जमले नाही ते एका चौकटीने केले, कारण त्या दिव्याला मालक होता. फुटला असता तर दहा घरांतून माणसे बाहेर आली असती. नेपल्सच्या जुन्या वस्तीत फिरताना आजही दर वळणावर अशा देवळ्या दिसतात. आता वीज आहे, प्लास्टिकची फुले आहेत, घरातल्या गेलेल्या माणसांची छायाचित्रे काचेमागे खोचलेली आहेत. आणि हल्लीच्या काळात फुटबॉलपटू डिएगो माराडोनाचीही एक-दोन देवळीवजा ठाणी तिथे झाली आहेत. लारेसच्या जागी कोण येईल हे पुजारी कधीच ठरवू शकले नाहीत.

रोममध्ये १८५३ साली आलेस्सांद्रो रुफिनी यांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवरील मेरीमातेच्या मूर्ती-चित्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. आकडा १४२१. त्यांतल्या एकीची कथा सांगायलाच हवी. ट्रेव्ही कारंज्याजवळच्या एका बोळात, दोन घरांना जोडणाऱ्या लहान कमानीखाली मातेचे १६९० सालचे एक चित्र होते. येणारेजाणारे तिथे क्षणभर थांबत. १७९६ च्या जुलै महिन्यात नेपोलियनच्या फौजा इटलीत घुसल्या होत्या, रोमवर केव्हा चालून येतील याचा नेम नव्हता. अशा दिवसांत लोकांनी सांगितले की चित्रातल्या मातेचे डोळे हलले. बोळात गर्दी मावेना. शहरातल्या आणखीही चित्रांबद्दल तसेच सांगितले गेले आणि धर्मसत्तेने साक्षी नोंदवून चौकशी केली. भ्यालेल्या शहराने आपल्या कोपऱ्यावरच्या मातेकडे पाहिले, यात नवल नाही. फ्रेंच फौज १७९८ मध्ये रोममध्ये आलीच. पण ते चित्र लोकांच्या मनात इतके रुजले की १८५१ मध्ये त्याच्याभोवती एक चिमुकले चर्च बांधले गेले. रोममधले सर्वांत लहान चर्च म्हणून ते ओळखले जाते. आतली चित्रे काढणारा कोन्स्तांतिनो ब्रुमिदी पुढच्याच वर्षी अमेरिकेला गेला आणि वॉशिंग्टनच्या संसदभवनाचा घुमट त्याने आतून रंगवला. एका बोळातल्या देवळीवरून थेट कॅपिटॉलच्या घुमटावर!

रोममधल्या पुष्कळ देवळ्या १८७० नंतरच्या पाडापाडीत गेल्या. शहर राजधानी झाले, रस्ते रुंद झाले, कोपरे उरले नाहीत. आपल्याकडे मुंबईतही गल्लीच्या तोंडाशी जुने क्रूस दिसतात. त्यांतले बरेचसे १८९६ च्या प्लेगनंतर, साथ टळावी म्हणून किंवा टळली म्हणून उभारलेले आहेत. रस्तारुंदीचा प्रश्न तिथेही आहेच.

खिडकीला लाभलेला मान

देवळीची चौकट देवापुरती राहिली असती तर गोष्ट इथेच संपली असती. रोमच्या पॅन्थिऑन या प्राचीन देवळात, विशाल घुमटाखाली, गोल भिंतीला लागून आठ एडिक्युला आहेत. काहींवर त्रिकोण, काहींवर धनुष्याकार छप्पर, एकाआड एक. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या वास्तुकारांनी त्यांची मापे घेतली आणि तीच चौकट राजवाड्यांच्या खिडक्यांना बसवली. फ्लॉरेन्समधला पंडोल्फिनी वाडा हे त्याचे ठळक उदाहरण. त्याची मूळ आखणी चित्रकार राफाएलची. प्रत्येक खिडकीला दोन खांब, वर आळीपाळीने त्रिकोण आणि धनुष्य. ज्या चौकटीत देव बसत होता, तिच्यात आता घरमालक उभा राहून रस्त्याकडे पाहू लागला. तिथून ती पॅरिसला गेली, लंडनला गेली आणि कंपनी सरकारच्या काळात कोलकात्याच्या हवेल्यांपर्यंत आली. आज आपल्या शहरांतल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या खिडक्यांवर हा त्रिकोण पाऊस अंगावर घेत उभा आहे.

राफाएल १५२० मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे पॅन्थिऑनमध्ये, त्या आठांपैकी एका एडिक्युलामध्ये, पुरला गेला. पुढे रोमच्या कलाअकादमीत एक कवटी ‘राफाएलची’ म्हणून मोठ्या आदराने जपली जात होती. १८३३ मध्ये खात्री करण्यासाठी कबर उघडली, तर आतला सांगाडा कवटीसकट पूर्ण निघाला. अकादमीतली कवटी कुणाची, हा प्रश्न मग आदरणीय सभासदांना पडला असेल.

भारतीय उपखंडात ही चौकट याहून पुष्कळ आधी आली होती. तक्षशिलेजवळ सिरकप येथे पहिल्या शतकातला एक बौद्ध स्तूप आहे. ते ठिकाण आज पाकिस्तानात आहे. त्याच्या चौथऱ्यावर ओळीने कोनाडे कोरले आहेत. एकावर ग्रीक देवळाचा त्रिकोण, दुसऱ्यावर चैत्याची कमान, तिसरा थेट सांची-पद्धतीचे तोरण. वर पक्षी बसले आहेत, त्यांतला एक दोन डोक्यांचा गरुड, म्हणून स्तूपाला त्याचेच नाव मिळाले. गावात जितक्या प्रकारची दारे असतील तितकी सगळी कारागिराने एकाच भिंतीवर मांडली आणि कोणाला उणे ठेवले नाही.

आपल्या देवळांच्या बाहेरच्या भिंतीवरचे देवकोष्ठ सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. ॲडम हार्डी या ब्रिटिश अभ्यासकाने त्याहून पुढचे निरीक्षण मांडले आहे. भारतीय मंदिर हे लहान लहान देवळ्यांच्या जोडणीतून वाढते, असे ते म्हणतात. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहताना हे चटकन पटते. मोठ्या शिखरावर ओळीने चिमुकली शिखरे चढत गेली आहेत, आणि प्रत्येक चिमुकले शिखर स्वतः एक पुरे देऊळ आहे. युरोपातल्या उंच गॉथिक चर्चबद्दल जॉन समरसन या इंग्रज लेखकाने १९४९ च्या आपल्या पुस्तकात असाच विचार मांडला होता. टेबलाखाली चादर सोडून ‘घर घर’ खेळणाऱ्या मुलांपासून त्याने सुरुवात केली. आपल्यापुरते छोटे छप्पर हवे, ही ओढ फार जुनी आहे आणि राजवाड्यांनीही ती सुटत नाही, हे त्याचे म्हणणे आहे. मोठ्या पलंगाखाली शिरून बसलेले मूल पाहिलेल्या कुठल्याही आईला हे नवे नाही.

जेरुसलेमची देवळी

जगातली सर्वांत प्रसिद्ध एडिक्युला जेरुसलेममध्ये आहे. येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागेवर, मोठ्या चर्चच्या घुमटाखाली, एक छोटे दगडी घर उभे आहे. त्याचे नावच ‘एडिक्युल’. पहिले बांधकाम चौथ्या शतकातले, कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळचे. १००९ मध्ये ते पाडले गेले, पुन्हा उभे राहिले. १८०८ मध्ये चर्चला आग लागली. आज दिसते ते नंतर १८१० च्या सुमारास निकोलाओस कोम्नेनोस या ग्रीक वास्तुकाराने बांधलेले आहे.

आत आळीपाळीने मोजकीच माणसे मावतात, आणि हक्क सांगणारे पंथ मात्र अनेक. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि कॅथलिक फ्रान्सिस्कन हे तिघे मुख्य. कोणी कुठे दिवा लावायचा, कोणी कोणती पायरी झाडायची, हे १८५२ च्या तुर्की सुलतानाच्या फर्मानाने जसे होते तसे गोठवून ठेवले आहे. दरवाजाची किल्ली तर शतकानुशतके मुस्लिम घराण्याकडे आहे. या व्यवस्थेने भांडणे आटोक्यात राहिली, पण दुरुस्तीही अडली. एकाने खिळा ठोकायचा तर बाकीच्या दोघांची संमती हवी. संगमरवराच्या फरशा ओलीने आतून फुगल्या, भिंती बाहेर झुकल्या. १९४७ मध्ये ब्रिटिश अंमलात चारी बाजूंनी लोखंडी तुळयांचा पिंजरा घालून ते घर कसेबसे धरून ठेवले. तो तात्पुरता पिंजरा जवळजवळ सत्तर वर्षे राहिला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये बांधकाम धोकादायक आहे म्हणून पोलिसांनी काही तासांसाठी ते बंद केले. रोज हजारो भाविक जिथे आत वाकून जात होते ती जागा खरोखरच त्यांच्या अंगावर कोसळू शकत होती. तेव्हा कुठे तिघे पंथ एका टेबलापाशी बसले आणि २०१६ मध्ये काम सुरू झाले. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाच्या तज्ज्ञांनी, प्राध्यापिका अँतोनिया मोरोपूलू यांच्या नेतृत्वाखाली, फरशा उतरवल्या, आतल्या पोकळ्यांत चुन्याचे मिश्रण भरले, टायटॅनियमचे बोल्ट घातले. काम बहुतेक रात्री चाले, कारण दिवसा दर्शन बंद करणे कोणालाच मान्य नव्हते. ऑक्टोबर २०१६ मध्ये कबरीवरची संगमरवरी शिळा सरकवली गेली. तिच्यासाठी ६० तासांची मुदत होती. आत भरावाखाली आणखी एक भंगलेली शिळा निघाली, तिच्यावर क्रूस कोरलेला. खालच्या चुन्याचे वय तपासले तेव्हा ते चौथ्या शतकातले, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या काळाशी जुळणारे ठरले.

मार्च २०१७ मध्ये लोखंडी पिंजरा निघाला. जाण्यापूर्वी कारागिरांनी एक गोष्ट नव्याने केली. आतल्या संगमरवरी भिंतीत एक छोटी चौकोनी खिडकी कापली आणि तिच्यावर काच बसवली. त्या चौकटीत मूर्ती नाही, चित्र नाही. मागचा मूळ खडक तेवढा दिसतो, आणि रांगेतली माणसे आत आल्यावर त्या काचेपाशी थोडी अधिक वेळ थांबतात.